गाणी ऐकत अभ्यास केला तर लक्षात कमी राहतं का, हे प्रयोगाने तपासायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सायकॉलॉजीच्या प्रोजेक्टसाठी ६० विद्यार्थ्यांकडून फॉर्म भरून घेतला, रोज किती तास गाणी लावून अभ्यास करता आणि मागच्या परीक्षेत किती टक्के मिळाले, दोन्हींचं कोरिलेशन (दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती बदलतात याचा -१ ते १ मधला आकडा, उणे म्हणजे एक वाढली की दुसरी घटते) -०.३१ आलं, आणि गाईड म्हणाले की यावरून "गाण्यांमुळे मार्क कमी होतात" असं लिहिता येणार नाही, प्रयोग करा. तर प्रयोग म्हणजे नक्की काय करायचं, ३० जण पुरतील का, आणि सर्व्हेची मेहनत वाया गेली का, असं विचारलंय. मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांकडून असे प्रयोग करून घेत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाईडचं बरोबर आहे. मेहनत मात्र वाया गेलेली नाही, त्याबद्दल शेवटी सांगतो. आधी त्या -०.३१ कडेच नीट बघा. ६० जणांवरून काढलेला आकडा बराच ढिला असतो, त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) काढला तर तो साधारण -०.०६ ते -०.५२ येतो, म्हणजे खरा संबंध जवळपास नसल्यासारखाही असू शकतो आणि चांगला भक्कमही असू शकतो, तुमच्या डेटावरून या दोन्हींत निवड करता येत नाही. आणि संबंध खरा धरला तरी तो कोणत्या दिशेने जातोय हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नाही. कदाचित गाण्यांमुळे लक्ष उडत असेल. कदाचित उलटं असेल, ज्यांना विषय जड जातो, कंटाळा येतो, तेच गाणी लावून बसत असतील. किंवा तिसरीच गोष्ट दोन्हींच्या मागे असेल, घरात गोंगाट असतो म्हणून कानात हेडफोन घालावे लागतात आणि त्याच गोंगाटामुळे मार्कही कमी पडतात. तुमचा फॉर्म या तिन्हींना सारखाच "हो" म्हणतो. सर्व्हेत माणसं दहापट केली तर आकडा घट्ट होईल, पण हा पेच तसाच राहील, कारण अडचण माणसांच्या संख्येची नाहीये, कोण किती गाणी ऐकणार हे त्या माणसाने स्वतः ठरवलंय याची आहे.

प्रयोगात नेमकं हेच आपण माणसाच्या हातातून काढून घेतो. कोणी गाणं ऐकत पाठ करायचं आणि कोणी शांततेत, हे त्याची आवड, हुशारी, घरची परिस्थिती यातलं काहीच ठरवत नाही, नाणं ठरवतं. याला रँडम असाइनमेंट म्हणतात आणि माझ्या मते या सगळ्या विषयात एकच गोष्ट मनापासून समजून घ्यायची असेल तर ती ही. कारण त्यामुळे तुम्हाला माहीत असलेले फरकही दोन्ही गटांत विखुरतात आणि ज्यांचा तुम्ही विचारही केला नव्हता तेसुद्धा विखुरतात. दोन गट अगदी सारखे होतील अशी हमी नसते हां, विशेषतः गट लहान असतील तर नशिबाने एकीकडे हुशार मुलं जास्त जाऊ शकतात, पण तो फरक निव्वळ नशिबाचा असतो आणि नशिबाचा हिशोब स्टॅटिस्टिक्सला मांडता येतो. आवडीनिवडीचा हिशोब त्याला मांडता येत नाही.

इथे माझीच एक चूक सांगतो. शिकत असताना मी स्मरणशक्तीवर एक प्रयोग केला होता, ४० जण हवे होते, मी काय केलं तर पहिले आलेले २० एका गटात घातले आणि नंतरचे २० दुसऱ्या गटात. सोयीचं होतं, एका गटाचं सामान लावलं की काढायला नको. फरक सुंदर आला, मी खूश. मग तोंडी परीक्षेत विचारलं गेलं की पहिल्या दिवशी धावत येणारी मुलं आणि आठवडाभर टाळाटाळ करून शेवटी येणारी मुलं सारखी असतात का? माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि डेटा गोळा झाल्यावर ते कोणत्याही टेस्टने मिळणारही नव्हतं. सगळा प्रयोग परत करावा लागला. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना आधी रँडम क्रमाची यादी छापायला लावतो, माणूस दारातून आत यायच्या आधी त्याचा नंबर कुठल्या गटात आहे हे कागदावर असलं पाहिजे.

एक गल्लत नेहमी होते ती इथेच काढून टाकू. रँडम सॅम्पलिंग वेगळं आणि रँडम असाइनमेंट वेगळं. सॅम्पलिंग म्हणजे मोठ्या लोकसंख्येतून माणसं कशी उचलली, त्यावर तुमचा निष्कर्ष कोणाकोणाला लागू होईल हे ठरतं. असाइनमेंट म्हणजे उचललेली माणसं गटांत कशी वाटली, त्यावर "यामुळे ते झालं" असं म्हणता येईल की नाही हे ठरतं. तुमच्या वर्गातलेच विद्यार्थी घेतले तरी दुसरी गोष्ट पक्की करता येते, फक्त निष्कर्ष सगळ्या मानवजातीच्या नावाने लिहायचा नाही.

आता खरा कस लागतो तो प्रश्न, तुलना कशाशी करायची. तुम्ही म्हणाल सोपंय, एक गट गाण्यात, एक शांततेत. समजा गाण्याच्या गटाला कमी आठवलं. मग ते आवाजामुळे, सुरांमुळे, की गाण्यातल्या शब्दांमुळे? तीन गोष्टी एकदम बदलल्यात ना. सालामे आणि बॅडली यांनी १९८९ मध्ये असंच काम प्रसिद्ध केलं होतं, आकडे क्रमाने लक्षात ठेवायला दिले, आणि शब्द असलेल्या गाण्याने नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा जास्त अडथळा आला. हे कळलं कारण त्यांनी वाद्यसंगीताची वेगळी कंडिशन (तुलनेसाठीची परिस्थिती) ठेवली होती. म्हणून तुम्हीही तीन ठेवा, शांतता, नुसतं वाद्यसंगीत, शब्द असलेलं गाणं, आणि जमलं तर शेवटच्या दोन्हींसाठी एकाच गाण्याची दोन रूपं वापरा म्हणजे चाल आणि लय तीच राहील. शांततेच्या वेळीही हेडफोन घालायलाच लावा. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं पण नाहीतर हेडफोन असणं आणि नसणं हा चौथा फरक आत शिरला.

कंट्रोल ग्रुप म्हणजे "ज्यांना काहीच करायचं नाही ते" असं पाठ केलेलं असतं, त्यामुळे तो उगाच ठेवायचा म्हणून ठेवला जातो. त्याचं काम काय असतं ते लॉफ्टस आणि पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात फार छान दिसतं. १५० विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. ५० जणांना विचारलं गाड्या एकमेकींवर "आदळून चक्काचूर" झाल्या तेव्हा वेग किती होता, ५० जणांना विचारलं "धडकल्या" तेव्हा किती होता, आणि ५० जणांना वेगाबद्दल काहीच विचारलं नाही. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच पाहिली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच. पहिल्या गटात १६ जण हो म्हणाले, दुसऱ्यात ७, आणि ज्यांना काही विचारलं नव्हतं त्यांच्यात ६. आता तो ६ चा आकडा झाका आणि परत वाचा. १६ आणि ७ एवढंच दिसलं असतं तर जोरदार शब्दाने आठवण बिघडवली की सौम्य शब्दाने सुधारली, हे सांगताच आलं नसतं. त्या ६ मुळे कळतं की माणसं तशीही थोडीफार चुकतातच, सौम्य शब्दाने त्यात फारसं काही बदललं नाही, आणि जो बदल झाला तो "चक्काचूर"ने केला. तुमच्या शांततेच्या कंडिशनने हेच काम करायचंय.

मोजायचं काय हेही ठरवा. "अभ्यास" हा शब्द फार मोठा आहे, प्रयोगात तो मोजता येईल इतका छोटा करावा लागतो, उदाहरणार्थ २० शब्दांची यादी, दोन मिनिटं पाठ करायला, मग दोन मिनिटं दुसरंच काहीतरी, मग आठवतील तेवढे लिहा. यादी किती लांब ठेवायची हे घरी बसून ठरत नाही. दहाच शब्द दिले तर सगळ्यांना नऊ-दहा आठवतील आणि गाण्याचा परिणाम असला तरी दिसणार नाही, सगळे छताला टेकलेले असतील. फारच अवघड दिली तर सगळे तळाला. म्हणून पाच-सहा जणांवर पायलट, म्हणजे छोटी रंगीत तालीम, करायचा. पायलट करत नाहीत आणि मग रडतात, असे विद्यार्थी मी दरवर्षी बघतो, आणि खरंच वाईट वाटतं कारण एका दुपारचं काम असतं ते.

आता ३० जण पुरतील का. हे कसा प्रयोग करताय त्यावर आहे. वेगवेगळ्या माणसांचे गट केले, म्हणजे बिट्वीन सब्जेक्ट्स, तर मध्यम आकाराचा परिणाम (कोहेनच्या मापाने ०.५, म्हणजे माणसामाणसांत एरवी असतो त्या फरकाच्या साधारण निम्मा) ८० टक्के वेळा पकडायला दर गटात ६४ जण लागतात, दोन गटांना १२८. तुम्ही १५-१५ घेतले तर परिणाम खरोखर असूनही तो सापडायची शक्यता साधारण चारात एक. म्हणजे तीनदा तुम्ही "परिणाम नाही" असं लिहाल आणि तिन्ही वेळा चुकाल. माणसामाणसांच्या स्मरणशक्तीतच इतका फरक असतो की त्या गलक्यात गाण्याचा फरक ऐकूच येत नाही.

म्हणून तुमच्यासाठी मी विदिन सब्जेक्ट्स सुचवेन, प्रत्येक माणूस तिन्ही कंडिशनमधून जातो आणि त्याची तुलना स्वतःशीच होते. दोन कंडिशनमधल्या स्कोअर्सचं एकमेकांशी कोरिलेशन ०.५ च्या आसपास असेल तर त्याच मध्यम परिणामाला ३४ माणसं पुरतात. पण मग क्रमाची डोकेदुखी येते. पहिल्या यादीला माणूस बिचकलेला असतो, दुसरीला हात बसतो, तिसरीला कंटाळतो, आणि गाणं नेहमी तिसरंच आलं तर कंटाळ्याचा दोष गाण्यावर जाईल. यावर उपाय काउंटरबॅलन्सिंग. तीन कंडिशनचे सहा क्रम होतात, सगळे सारख्या वेळा वापरायचे. शिवाय शब्दांच्या याद्याही तीन लागतील, आणि कितीही सारख्या बनवल्या तरी एखादी सोपी निघतेच, म्हणून यादीही कंडिशनवर फिरवायची, हे विसरलं जातं फार. सहा क्रम गुणिले याद्यांच्या तीन फेऱ्या म्हणजे १८ प्रकार, म्हणून ३४ ऐवजी ३६ माणसं घ्या, प्रत्येक प्रकाराला दोन. कोणता माणूस कुठल्या प्रकारात, ते परत नाण्यानेच, म्हणजे त्या रँडम यादीनेच.

विदिन सगळीकडे चालत नाही बरं का. एखादी युक्ती शिकवली, उपचार दिला, तर तो माणसाच्या डोक्यातून पुसून परत पहिल्यासारखा करता येत नाही, तिथे वेगळे गटच लागतात. गाणं बंद केलं की बंद होतं म्हणून इथे चालतंय.

मग येतो प्रयोग करणारा, म्हणजे तुम्ही स्वतः. १९०४ च्या सुमाराला जर्मनीत हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा, खुराने ठोके देऊन उत्तर सांगायचा, मालक अगदी प्रामाणिक होता, कुठलीही फसवाफसवी नव्हती. ऑस्कर फुंग्स्टने चिकाटीने तपासलं आणि १९०७ मध्ये सगळं मांडलं. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल किंवा घोड्याला तो दिसत नसेल तर घोडा चुकायचा. बरोबर ठोक्याला विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि घोडा तेवढं बघून थांबायचा. हे कळल्यावरसुद्धा फुंग्स्टला स्वतःची ती हालचाल धड थांबवता येत नव्हती. नंतर रोझेन्थाल आणि फोड यांनी १९६३ मध्ये दाखवलं की विद्यार्थ्यांना साधेच उंदीर देऊन काहींना "हे चक्रव्यूहात हुशार आहेत" आणि काहींना "हे मठ्ठ आहेत" असं सांगितलं तर हुशार म्हणवलेल्या उंदरांचे आकडे चांगले येतात. घोड्याला आणि उंदराला आपली अपेक्षा कळते, मग समोर बसलेल्या माणसाला कळणार नाही का?

त्यामुळे सूचना तोंडी देऊ नका, सगळ्यांना तोच लिहिलेला कागद द्या. उत्तरपत्रिकेवर फक्त कोड टाका आणि तपासायला अशा मित्राला द्या ज्याला कोणता कोड कशाचा हे माहीत नाही, कारण अर्धवट खरडलेला शब्द बरोबर धरायचा की चूक इथेच मन नकळत कलतं. सहभागी माणसाला गाणं ऐकू येणारच, ते लपवता येत नाही, पण तुम्हाला काय निघायला हवंय हे तरी सांगू नका. मार्टिन ऑर्नने १९६२ मध्ये हाच मुद्दा मांडला होता, प्रयोगात आलेला माणूस प्रयोगाचा हेतू ताडायचा प्रयत्न करतो आणि बहुतेक वेळा तुम्हाला मदत व्हावी असंच वागतो. शेवटी प्रत्येकाला विचारा, "हा प्रयोग कशाबद्दल होता असं वाटलं?" आणि उत्तर लिहून ठेवा. तीन यादीतून गेलेला माणूस थोडंफार ओळखणारच, विदिन डिझाईनची ती किंमत आहे, रिपोर्टमध्ये ती सरळ कबूल करा.

याच्या पुढचं मात्र हात जोडून सांगतो, पहिला माणूस येण्याआधी अ‍ॅनालिसिस लिहून ठेवा. मुख्य तुलना कुठली (मी म्हणेन शब्द असलेलं गाणं विरुद्ध वाद्यसंगीत), मोजायचं काय, किती माणसांवर थांबायचं, कोणाचा डेटा कोणत्या कारणाने काढायचा. का, तर सिमन्स, नेल्सन आणि सिमनसोन यांनी २०११ मध्ये एक प्रयोग छापला, ज्यात बीटल्सचं एक गाणं ऐकलेली माणसं दुसरं गाणं ऐकलेल्यांपेक्षा जवळपास दीड वर्षाने लहान निघाली, आणि पी व्हॅल्यू (परिणाम नसतानाही निव्वळ नशिबाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता) ०.०५ च्या आत, ज्याला "सिग्निफिकंट" म्हणतात. गाणं ऐकून कोणाचं वय कमी होत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी आकडे खोटे केले नव्हते, फक्त बरंच काही मोजून नंतर सोयीचं तेवढं ठेवलं, मधूनमधून निकाल बघत माणसं वाढवली, आणि हे सगळं मुद्दाम केलं, हे दाखवायला. त्यांच्या सिम्युलेशनमध्ये (कॉम्प्युटरवर बनवलेल्या नकली डेटावर) अशा चार सवलती एकत्र घेतल्या तर काहीच परिणाम नसतानाही ६० टक्क्यांहून जास्त वेळा "सिग्निफिकंट" मिळत होतं. आपल्याला वाटतं चूक ५ टक्के. २०१५ मध्ये १०० छापील प्रयोग परत करून बघितले गेले तेव्हा मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सिग्निफिकंट होते आणि पुन्हा केल्यावर फक्त ३६ टक्के, त्याच्यामागे एकच कारण नाही पण ही सवय त्यात मोठी आहे. आणि ही वाईट माणसांची सवय नाही, मनापासून काम करणाऱ्याला "हा एक आउटलायर (बाकीच्यांपेक्षा फार वेगळा आकडा) काढला तर बरं" असं रात्री अकरा वाजता वाटतंच.

टेस्ट साधी आहे, मुख्य तुलनेला पेअर्ड टी टेस्ट, म्हणजे त्याच माणसाच्या दोन स्कोअर्समधला फरक तपासणारी. पी व्हॅल्यूबरोबर सरासरी किती शब्दांचा फरक पडला आणि त्याचा इंटरव्हल काय हे लिहा. पी ०.०५ च्या वर आला तर "गाण्याचा परिणाम होत नाही" असं लिहायचं नाही, इंटरव्हल अर्ध्या शब्दाने वाढ ते दोन शब्दांनी घट असा असेल तर तेच लिहायचं, की एवढ्यातलं काहीही असू शकतं.

संमतीपत्र घ्या, मधेच उठून जायची मोकळीक आहे हे स्पष्ट सांगा, आवाज सुरक्षित पातळीवर ठेवा, संपल्यावर खरा हेतू समजावून सांगा. संस्थेची एथिक्स कमिटी असेल तर परवानगी सुरू करायच्या आधी, नंतर नाही.

आता तुमचा सर्व्हे. प्रयोगातून तुम्हाला कळेल की २० शब्द पाठ करताना शब्द असलेलं गाणं अडथळा करतं का, आणि ते "यामुळे" म्हणण्याइतकं पक्कं असेल. पण २० शब्दांची यादी म्हणजे परीक्षा नाही, महिनोन् महिने स्वतःच्या आवडीची गाणी लावून केलेला अभ्यास त्यात येत नाही. तो तुमच्या फॉर्ममध्ये आहे, मार्कही तिथे खरे आहेत, फक्त कारण तिथे सांगता येत नाही. म्हणून रिपोर्टमध्ये सर्व्हे पहिला अभ्यास म्हणून ठेवा, प्रयोग दुसरा. दोन्ही एकाच दिशेला गेले तर तुमचं म्हणणं बळकट होतं. प्रयोगात परिणाम दिसला नाही आणि इंटरव्हलही शून्याच्या आसपास अरुंद आला, तर गोंगाटाचं घर किंवा कंटाळवाणा विषय या शक्यतांकडे परत जायला कारण मिळतं, आणि तसं असेल तर फॉर्ममध्ये घरातल्या आवाजाबद्दल एक प्रश्न वाढवून त्याच ६० जणांना परत गाठता येईल.

आणि पायलटच्या पाच-सहा जणांचे आकडे मुख्य ३६ मध्ये मिसळू नका, ती फाईल वेगळी ठेवा.